पडशाचा आज कितवा दिवस?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका ताईंनी लिहिलंय, त्याचा गोषवारा असा. पाऊस लागल्यापासून घरात एकापाठोपाठ एक सगळ्यांना सर्दी-खोकला झाला. सासूबाई बासष्ट वर्षांच्या, त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही. त्या दिवसातून चार वेळा कडक काढा उकळून स्वतः घेतात आणि सगळ्यांना देतात. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, तो मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेतो आणि झणझणीत तांबडा रस्सा ओरपतो. मुलगा सहा वर्षांचा. मुलगी नऊ महिन्यांची, तिला मध चाटवतात आणि वेखंड उगाळून देतात. ताईंनी विचारलंय, "झाडपाल्याचं यातलं काय खरंच उपयोगी, कुणाला किती द्यायचं, आणि डॉक्टरकडं कधी जायचं?"

ताई, आधी धाकटीबद्दल लिहिते. बाकीच्यांचं काही चुकलं तर दोन दिवस जास्त जातील. तिचं चुकलं तर दवाखान्यात पळावं लागेल.

तिला मध आजपासून बंद. मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकतात, आणि बाळ लुळं पडत जातं. मध डोंगरातला असो, ओळखीच्या माणसानं पोळ्यातून समोर काढून दिलेला असो, धोका तोच. घरी उकळून हे बीजाणू मरत नाहीत. आजवर दिला म्हणून घाबरून जाऊ नका, बहुतेक बाळांना काही होत नाही. पण पुढचा महिनाभर लक्ष ठेवा. शी होणं थांबलं, दूध ओढायचा जोर कमी झाला, रडण्याचा आवाज बारीक झाला किंवा ती मान टाकायला लागली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मध दिला होता हे आठवणीनं सांगा. पहिला वाढदिवस झाला की मध चालेल.

वेखंडाचंही तसंच. आपल्याकडं ते पिढ्यान्‌पिढ्या उगाळून चाटवतात, माझ्या आजीनंही मला दिलं असणार. पण वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं आणि ते सुरक्षित नाही. अमेरिकेनं १९६८ सालीच वेखंड खाण्याच्या पदार्थात घालायला बंदी केली. नऊ महिन्यांच्या पोटात ते जायचं कारण नाही. वेखंडाची पूड नाकाजवळ लावणं, कापराची पोटली नाकाला धरणं, कोळशावर ओवा आणि लसणाच्या साली टाकून धुरी देणं, हेही थांबवा. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि पोटली तोंडात घालायला बाळाला क्षणही लागत नाही. धुरानं आधीच सुजलेली श्वासनलिका आणखी आवळते. बामची डबी दोन वर्षांपर्यंत तिच्यापासून लांब ठेवा.

मग करायचं काय? मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात. दूध पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब. नाक मोकळं असलं तर बाळ दूध पितं, आणि दूध हेच तिचं औषध. जोडीला कोमट भाताची पेज, मुगाचं कढण, जे ती आवडीनं घेते ते थोडं थोडं. शेकायचं असेल तर ओवा तव्यावर कोरडा गरम करून सुती फडक्यात बांधा, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघा, आणि झबल्यावरून पाठीला-छातीला हलकेच शेका. ओव्यातल्या थायमॉलचा वास आणि ऊब दोन्ही बाळाला बरं वाटायला पुरेसे आहेत.

एक काम रोज दोनदा करा. ती शांत किंवा झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, तिचे श्वास मोजा. या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका, लगेच दवाखाना. (वर्ष पूर्ण झाल्यावर पाच वर्षांपर्यंत हा आकडा ४० धरतात.) श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ काळपट-निळसर दिसत असतील, दूध सोडलं असेल, तर मोजतही बसू नका.

आणि खोकल्याचं सिरप तिला देऊ नका, बाटलीवर आयुर्वेदिक लिहिलेलं असलं तरी. २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं दूषित सिरपनं लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावून सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आत सहसा टाळावीत.

आता मोठ्यांकडं वळते.

माझ्याकडं कुणी नाक ओढत आलं, "डॉक्टर, लई कणकण आलीया, घसा धरलाय" म्हणालं, की माझा पहिला प्रश्न असतो, आज कितवा दिवस? अठ्ठावीस वर्षं रंकाळ्याच्या बाजूला दवाखाना चालवून हा एक प्रश्न मी इतर सगळ्यांच्या आधी ठेवते. आपल्या घरांत औषधं कमी नाहीत. तुळस आहे, आलं आहे, हळद आहे, परसात अडुळसा आहे. चूक होते ती वेळेची. पहिल्या दिवसाचं औषध सहाव्या दिवशी आणि सहाव्या दिवसाचं पहिल्या दिवशी दिलं जातं, किंवा सगळं एकाच पातेल्यात उकळून सगळ्यांना सारखं वाटलं जातं.

पडसं आणणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत, त्यात ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सगळ्यांत मोठा. साधं पडसं सात ते दहा दिवसांत आपोआप उतरतं, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. कुठलाही काढा पोटात जाऊन हे विषाणू मारतो असं मी रुग्णाला सांगत नाही, कारण ते मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. वनस्पती करतात ती कामं वेगळी आहेत, आणि ती छोटी नाहीत. घशावर लेप बसतो, कफ पातळ होऊन सुटतो, घाम येऊन अंग हलकं होतं, भूक लागते, रात्री झोप लागते. आजारी माणसाला याहून काय हवं असतं?

आयुर्वेदात पडशाला प्रतिश्याय म्हणतात आणि त्याच्या दोन अवस्था मानतात, कच्चा आणि पिकलेला. पहिले दोन-तीन दिवस नाकातून पाणी गळतं, शिंका येतात, डोकं जड, तोंडाला चव नाही, हा कच्चा. मग स्राव घट्ट होतो, डोकं हलकं होतं, भूक परत येते, हा पिकलेला. त्यानंतर बऱ्याच जणांना खोकला धरतो, तो मी तिसरा टप्पा म्हणून वेगळा मोजते.

कच्च्या पडशात पोटाला विश्रांती द्यायची. याला लंघन म्हणतात, पण त्याचा अर्थ उपाशी पडून राहणं नव्हे. पेज, मऊ भात, मुगाचं वरण आणि आपलं हुलग्याचं माडगं. सासूबाईंना माडगं येत असणारच. हुलगे भाजून दळलेलं पीठ पाण्यात गाठी न होता कालवायचं, ठेचलेला लसूण आणि जिरं घालून उकळी काढायची, चवीला मीठ. कुणी गूळ-सुंठ घालून गोडही करतं. पातळच ठेवायचं, वाटीनं प्यायचं. हुलगा उष्ण आणि रुक्ष, पहिल्या दिवसांतल्या गळणाऱ्या नाकाला तो फार चांगला मानवतो. ज्यांना आम्लपित्त आहे त्यांनी मात्र अर्ध्या वाटीवर थांबावं.

प्यायला काय? इथं मला काढा आणि फांट यातला फरक सांगायचाच आहे, कारण घरोघरी तो विसरला गेलाय. सुंठ, जेष्ठमध, रिंगणी अशी कठीण मुळं-काष्ठं उकळावी लागतात, तेव्हा त्यांचा अर्क उतरतो. तुळस, गवती चहा, ओव्याचं पान, पुदिना यांचा गुण त्यांच्या सुगंधी तेलात असतो, आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. सासूबाई तुळस अर्धा तास उकळतात तेव्हा घरभर छान वास सुटतो. तो वास म्हणजेच औषध हवेत चाललंय. म्हणून असं करा. दोन कप पाण्यात अंगठ्याच्या नखाएवढं आलं ठेचून पाच मिनिटं उकळा. गॅस बंद करा. मग तुळशीची सात-आठ पानं हातानं चुरडून आणि गवती चहाच्या दोन पाती कापून टाका, झाकण ठेवा, सात-आठ मिनिटांनी गाळा. हा फांट. दिवसातून दोन वेळा एकेक कप पुरे, तिसरा हवासा वाटला तर घ्या. कोमट झाल्यावर त्यात चमचाभर मध चालतो. मध उकळत्या पाण्यात घालू नये ही आयुर्वेदाची शिस्त मी पाळते.

घशाला मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, चिमूटभर हळद, दिवसातून तीन-चार वेळा. इतकं स्वस्त आणि इतकं कामाचं दुसरं काही नाही. हळदीसाठी तर आपल्याला लांब जायला नको, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

हळद-दूध मी पहिल्या दोन दिवसांत देत नाही. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधावर वाढलेल्या गावात हे बोलणं जड जातं, पण बोलते. दुधानं कफ वाढतो असं मोजमापात दिसलेलं नाही. दूध लाळेत मिसळून तोंडात-घशात दाटसर थर वाटतो इतकंच. तरी कच्च्या पडशात भूक मेलेली असते आणि म्हशीचं दूध पचायला जड, त्यानं सुस्ती वाढते हे मी वर्षानुवर्षं बघते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, भूक लागल्यावर, रात्री अर्धा कप दुधात पाव चमचा हळद आणि मिऱ्याची चिमूट घालून जरूर घ्या. हळदीतलं कुर्क्युमिन एकटं फारसं शोषलं जात नाही, मिऱ्यातल्या पायपरीनमुळं त्याला वाट मिळते. दूध उकळलेलंच हवं, धारोष्ण नको.

कच्च्या पडशातली आणखी एक चूक म्हणजे नाकात तेल सोडणं. नस्य चांगलं, अणुतेल चांगलं, पण नव्या पडशात नस्य करू नये असं शास्त्रातच सांगितलंय. सूज उतरल्यावर बघू.

पिकलेल्या पडशात सुंठ-मिरे-पिंपळी, म्हणजे त्रिकटू, आणि सितोपलादी चूर्ण यांचं काम सुरू होतं. सितोपलादीचं प्रमाण फार सुंदर बांधलेलं आहे. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १, प्रत्येक द्रव्य आधीच्याच्या निम्मं. मोठ्या माणसाला २ ते ३ ग्रॅम मधातून, दिवसातून दोन-तीन वेळा. पण हिशेब करून बघा, एकतीस भागांतले सोळा भाग साखर. म्हणजे निम्म्याहून जास्त. सासूबाईंसाठी हे चूर्ण नाही, मधातून तर नाहीच. शुगर असलेल्यांना मी नुसती सुंठ आणि पिंपळी कोमट पाण्यातून देते, चिमूट-चिमूट.

विकत घेताना वंशलोचनाची खात्री करा. बांबूच्या पेरात जमणारं खरं वंशलोचन महाग आणि दुर्मीळ. बाजारात कृत्रिम किंवा तवकीर मिसळलेलं सर्रास मिळतं. चांगल्या कारखान्याची, बॅच नंबर असलेली बाटली घ्या. सुट्ट्या चूर्णाचा विश्वास धरू नका, आणि "दमा-खोकला एका दिवसात बंद" म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुडीला हातसुद्धा लावू नका. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता असते आणि त्या झटपट आरामाची किंमत शुगर, हाडं, डोळे सगळे मोजतात.

अडुळशाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझं या झाडावर प्रेम आहे. आपल्याकडं तो बांधाला कुंपण म्हणून लावतात, जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून टिकतो. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावरूनच पुढं ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं ॲलोपॅथीचं औषध तयार झालं, आणि ॲम्ब्रोक्सॉल हे ब्रोमहेक्सिनचंच शरीरात होणारं रूप. म्हणजे सिरपच्या बाटलीवर ही नावं वाचाल तेव्हा कुंपणावरचा अडुळसा आठवा.

त्याचा रस काढायला लोक हैराण होतात, कारण ताजं पान वाटलं तरी रस निघत नाही. युक्ती अशी. सात-आठ जून पानं स्वच्छ धुवून इडलीपात्रात दहा मिनिटं वाफवा, मग वाटून फडक्यातून पिळा. पूर्वी पानांचा गोळा करून, वर पाल्याचं आणि मातीचं वेष्टण देऊन निखाऱ्यात भाजत, त्याला पुटपाक म्हणत, हे त्याचंच सोपं रूप. मोठ्या माणसाला दोन चमचे रस, एक चमचा मध, दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस.

पण कुणाला? कफ भरलाय, खोकून सुटत नाही, छातीत घुरघुर वाटते, त्यांना. कोरड्या, घसा खरवडणाऱ्या, आडवं झालं की सुरू होणाऱ्या खोकल्याला अडुळसा देऊन उपयोग नाही. तिथं पातळ करायला कफच नसतो. तिथं घशाला ओलावा हवा, म्हणजे जेष्ठमधाची काडी चघळायची, बेहड्याच्या सालीचा तुकडा गालात धरायचा, झोपताना मध. दिवसभर घोटघोट कोमट पाणी. खोकला ओला की कोरडा हे न बघता सगळ्यांना एकच औषध देणं, या एका चुकीमुळं किती चांगली औषधं "लागू पडत नाहीत" म्हणून बदनाम झाली! आणि गरोदर बाईनं अडुळसा घ्यायचा नाही, त्यानं गर्भाशयाचं आकुंचन होऊ शकतं. पालेकिराईतही तिनं घेऊ नये. एरवी पालेकिराईत हे फार कडू पण घशाच्या दुखण्यात आणि पडशात खरोखर उपयोग दिसलेलं झाड आहे, त्याचा अभ्यासही बराच झालाय. दोन-चार दिवस, वैद्याला विचारून.

आता सासूबाई. त्यांचा काढा बंद करा असं मी सांगणार नाही, त्यात त्यांची माया आहे. पण त्यात काय काय पडतं ते बघा. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं जो काढा सांगितला होता त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरे एक, आणि एका वेळी या भरडीची ३ ग्रॅमची पुडी, १५० मिलिलिटर पाण्यात, दिवसातून एक किंवा दोन वेळा. घरोघरी झालं काय, तर मूठभर मिरे, त्यात लवंग, त्यात जेष्ठमध, त्यात गुळवेल, चार-चार वेळा, महिनोन्‌महिने. त्या काळात तोंड आलेले, छातीत जळजळणारे, मूळव्याधीचं रक्त सुरू झालेले लोक माझ्याकडं येत. त्यातल्या एक निवृत्त शिक्षिका मला आजही आठवतात. पाय सुजलेले, बीपी गोळी चालू असूनही वर, हातापायांत गोळे. तपासणीत पोटॅशियम खाली. विचारता विचारता कळलं, दोन महिने जेष्ठमधाचा काढा सकाळ-संध्याकाळ, "साधं झाडपालं तर आहे" म्हणून. जेष्ठमधातल्या ग्लायसिरायझिनमुळं शरीरात मीठ-पाणी धरलं जातं आणि पोटॅशियम बाहेर पडतं. काढा थांबवला, डॉक्टरांनी पोटॅशियम भरून काढलं, काही आठवड्यांत त्या ठीक झाल्या. तेव्हापासून बीपीच्या प्रत्येक रुग्णाला जेष्ठमधाबद्दल मी न विचारता सांगते.

म्हणून सासूबाईंच्या काढ्यातून जेष्ठमध आणि गूळ काढा. गूळ आपल्या कोल्हापूरचा, गुऱ्हाळावरचा ताजा असला तरी शुगरला तो साखरच. मिरे दोन दाण्यांवर आणा, दालचिनी बोटाच्या पेराएवढी. एक छोटा कप, दिवसातून दोनदा, पाच दिवस. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळद, लसूण, आलं हे जेवणात असतं तेवढंच ठेवा, औषध म्हणून वेगळं नको, आणि डॉक्टरांना विचारा. गुळवेल रोज घेत असतील तर तीही थांबवा. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याचं नोंदवलं. त्यावर वाद झाला, दुसऱ्या जातीची वेल वापरली गेली असावी असंही म्हटलं गेलं. वाद काही असो, वेल ओळखता येत नसेल आणि आजार पाच दिवसांचा असेल तर ती जोखीम घ्यायची कशाला?

घरात त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या पडून असतील तर त्याही स्वतःच्या मनानं नकोत. त्यात बचनाग हे विषारी मूळ आणि हिंगूळ हे पाऱ्याचं खनिज असतं. शोधन केलेला असला तरी ते वैद्याच्या हातचं औषध आहे.

तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. उरलेल्या अँटिबायोटिकनं विषाणूचं काही बिघडत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे पू झाला असंही नाही, आपल्याच पांढऱ्या पेशींचा तो रंग. सर्दीच्या तयार गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉल असतंच, वर तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की डोस दुप्पट होतो आणि यकृतावर येतं. त्यातल्या ॲलर्जीच्या औषधानं गुंगी येते, ती घेऊन भट्टीपाशी उभं राहणं किंवा शिरोलीच्या पुलावर मोटरसायकल चालवणं धोक्याचं. आणि फौंड्रीतल्या धुळीत काम करताना खोकला लांबला तर "पडशाचा आहे" म्हणून सोडून देऊ नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे थुंकी तपासायची, टीबीसाठी. ही तपासणी सीपीआर या सरकारी रुग्णालयात मोफत होते.

तांबड्या रश्श्याचं म्हणाल तर मिरचीतल्या कॅप्सायसिननं नाक वाहायला लागतं, क्षणभर मोकळं वाटतं, आणि तासाभरात पुन्हा चोंदतं. वर सोललेल्या घशाला तिखट झोंबतं ते वेगळंच. आजारी माणसाचा रस्सा म्हणजे आपली अळणी. मटण किंवा कोंबडी हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलेलं पाणी, वरून मिऱ्याची पूड. आयुर्वेदातला मांसरस हाच. गरम वाफ, मीठ, पाणी, प्रथिनं सगळं एका वाटीत. पांढरा रस्सा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, भूक परतल्यावर. नारळाचं दूध आणि काजू-खसखस पहिल्या दिवशी पचत नाहीत. शाकाहारी घरात हीच जागा माडग्याची आणि मुगाच्या कढणाची.

वाफ घ्यायची तर मोठ्यांनी घ्यावी, साध्या पाण्याची, पाच मिनिटं. निलगिरी तेलाचा एखादा थेंब चालेल, पण बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, ते पोटात गेलं तर विषारी. सहा वर्षांच्या मुलाला पातेल्यावर पांघरूण घेऊन बसवू नका. पातेलं कलंडून मांड्या भाजलेलं एक लेकरू मी पाहिलंय. सर्दी चार दिवसांत गेली, जखमा भरायला दोन महिने लागले. त्याला वाफेची गरज नाही. रात्री झोपताना एक चमचा मध, मिठाच्या गुळण्या जमतील तशा, सितोपलादी पाव चमचा दोन वेळा, फांट तीन-चार चमचे. तापाला डॉक्टरांनी वजनावर सांगितलेलं पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही, विषाणूच्या तापात त्यानं मेंदू आणि यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो.

आता फ्लू. पडसं हळूहळू चढतं, फ्लू धाडकन आपटतो. सकाळी बरा असलेला माणूस दुपारी १०२-१०३ तापानं अंथरुणात, अंग मोडून आलेलं, डोळे दुखतात, कोरडा खोकला. नाक फारसं गळतही नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लू पुण्यात आला तेव्हा आपण सगळ्यांनी त्याची भीती अनुभवलीय. सासूबाईंसारख्या बीपी-शुगरवाल्यांना, गरोदर बायकांना, लहानग्यांना असा ताप आला तर पहिल्या ४८ तासांत डॉक्टर गाठा. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध तेवढ्या वेळात सुरू केलं तर जास्त उपयोगी, आणि काढा पिऊन वाट बघण्यात नेमके तेच दोन दिवस जातात. सासूबाईंनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. मी स्वतः घेते, वैद्य असून.

पावसाळ्यात आणखी एक ध्यानात ठेवा. ताप आणि अंगदुखी आहे पण शिंक नाही, नाक गळत नाही, तर ते पडसं नसेलही. डोळ्यांच्या मागं दुखतंय, अंगावर पुरळ, हिरड्यांतून रक्त, तर डेंग्यूची तपासणी. पंचगंगेचं पाणी गावात शिरल्यावर त्यातून चाललेल्या माणसाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर मी प्रत्येक तापवाल्याला "पाण्यातून चालला होता का?" विचारत असे. या दोन्हींवर तुळस-आलं देत बसायचं नाही.

बाकी कुणालाही तीन दिवसांहून जास्त ताप, ताप जाऊन दोन दिवसांनी पुन्हा चढणं, दम लागणं, छातीत टोचणं, थुंकीत रक्त, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं असंबद्ध होणं, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली, यातलं एकही दिसलं की झाडपाला बाजूला ठेवा आणि दवाखान्यात जा.

आणि सासूबाईंशी बोलताना "तुमचा काढा चुकीचा" असं म्हणू नका. त्यांना म्हणा, डॉक्टरीणबाईंनी तुमच्या हातचं माडगं करायला सांगितलंय, सगळ्यांसाठी, रोज सकाळी. लक्ष्मीपुरीतून अर्धा किलो हुलगे आणा. तुळशीची पानं गॅस बंद झाल्यावर टाकायचं काम सहा वर्षांच्या नातवाला द्या, आणि पातेल्यावर झाकण ठेवायचं ते आजीनं. पाचव्या दिवशी कोण कसं आहे ते मला कळवा. धाकटीच्या श्वासांचा आकडा मात्र आज संध्याकाळीच.